राजवाड्यात गेलेलं सूत

ब्रिटिश राजघराण्याच्या समारंभाचं कापड म्हटलं की लोकरच डोळ्यांपुढे येते: पहारेकऱ्यांचे लाल बनातीचे अंगरखे, स्कॉटलंडची चौकडी. २० नोव्हेंबर १९४७ला राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा आहेरात एक सुती तुकडाही होता. सूत गांधींनी स्वतः कातलेलं, मधोमध ‘जय हिंद’ विणलेलं. माउंटबॅटन यांच्यामार्फत तो लंडनला गेला. नवरीची आजी, राणी मेरी, यांना ती गांधींची लंगोटीच वाटली आणि त्या संतापल्या, असं माउंटबॅटन कुटुंबीयांच्या आठवणींत येतं.

गांधींचा कातणारा हात साबरमतीत बसला. सुताचा हिशेब मात्र बदलला वर्ध्यात.

हा जिल्हा मुळात कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांत नाव होतं. गठाणी इथून जायच्या आणि कापड होऊन परत यायचं. तिथेच, नालवाडीत, विनोबांनी १९३५च्या सुमारास एक कठोर प्रयोग केला. रोज आठ तास कातायचं आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यातच भागवायचं. भागत नव्हतं. दिवसभर चाती फिरवून हाती येत होते मोजके आणे. खादी स्वस्त होती ती या बायांच्या पोटाला चिमटा काढून, हे त्यातून उघडं पडलं. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असं गांधींचं म्हणणं होतं. खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने १९३५मध्येच किमान मजुरीचं तत्त्व मान्य केलं, आठ आण्यांपर्यंत पोचणं मात्र जमलं नाही. मला विचाराल तर खादीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा ठराव. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते; फोटो निघतात ते चरख्यापुढे बसलेल्या पुढाऱ्यांचे.

मजुरी वाढवायची तर हाताचा वेग वाढायला हवा, म्हणून यंत्राकडेही लक्ष गेलं. मगन चरखा पायाने चालतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन चात्यांवर एकाच वेळी दोन धागे निघतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते मगनलाल गांधी १९२८मध्ये गेले. वर्ध्याच्या मगनवाडीतलं मगन संग्रहालयही त्यांच्याच नावाचं. ३० डिसेंबर १९३८ला गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. ही जागा जमनालाल बजाजांनी दिलेली आणि तिथल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. हिशेबतपासनीस माणूस, चरख्याकडे भक्तिभावाने पाहण्यापेक्षा तो किती देतो हे बघणारा.

संग्रहालयात आज चरख्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतात, आणि नैसर्गिक रंगांची खादी विकतही मिळते. दर ऐकून गिऱ्हाईक कुरकुरतं. मजुरी वाढली तर खादी महागेल आणि खपणार नाही, ही धास्ती १९३५ सालीही कार्यकर्त्यांना होतीच.