पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

गेल्या प्रवेश हंगामात मालेगावचे एक यंत्रमागधारक स्नेही आमच्याकडे आले. मुलीला एमएचटी-सीईटीत ८८ पर्सेंटाइल मिळाले होते. "बारावीला ७१ टक्के, इथे ८८! तरी पहिल्या फेरीत कॉम्प्युटरला जागा नाही, हा कुठला न्याय?" एका एजंटाने काही लाखांत 'काम करून देतो' म्हटले होते आणि त्यासाठी चार माग विकायचे घरात ठरत आले होते.

ताका मीटरवर मोजतात, सूत किलोवर. दोन आकडे शेजारी ठेवून कोणी व्यापारी भाव ठरवत नाही. परीक्षेच्या बाबतीत मात्र आम्ही नेमके तेच करतो.

टक्के सांगतात, मुलीने किती गुण मिळवले. पर्सेंटाइल सांगते, तिच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे शंभरात किती. समजा, तीन लाख मुले परीक्षेला बसली. तर ८८ च्या पुढे सुमारे ३६ हजार मुले उभी असतात. ९९ च्या पुढे मात्र फक्त तीन हजार. म्हणजे ८८ हा वाईट आकडा नव्हे, पण मिठाई वाटण्याआधी पुढची रांग मोजायला हवी.

सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. एका सत्राची प्रश्नपत्रिका अवघड, दुसऱ्याची सोपी. म्हणून २०१९ पासून प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल वेगळे काढून मग एकत्र यादी लावतात. गणित, भौतिक, रसायन या तिन्हींच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून निकाल चुकला म्हणणारे पालकही आम्हाला भेटले. एकूण पर्सेंटाइल हे एकूण गुणांवरून काढतात, सरासरीने नव्हे.

नीटमध्ये उलटा घोटाळा होतो. तिथे ७२० पैकी गुण दिसतात आणि पालक थोरल्या मुलाच्या गुणांशी धाकटीचे गुण ताडून पाहतात. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइलचीच. पण त्यासाठी २०२२ साली ११७ गुण पुरले, २०२४ साली १६२ लागले. तेव्हा गुण नव्हे, त्या त्या वर्षीचा क्रमांक ताडावा.

आमच्या स्नेह्यांपुढे आम्ही सीईटी कक्षाची आदल्या वर्षीची कटऑफ यादी ठेवली. तीत प्रत्येक जागेचा शेवटचा गुणवत्ता क्रमांक आणि त्याचे पर्सेंटाइल छापलेले असते. अखिल भारतीय जागांची यादी वेगळी असते आणि तिथे जेईईचे पर्सेंटाइल आधी धरतात; ते सीईटीच्या पर्सेंटाइलशी ताडू नये. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या विनाअनुदानित महाविद्यालयांत ५१ टक्के जागा आपल्या मुलांसाठी असतात, त्यांचा कटऑफही निराळा. मात्र अर्जात अल्पसंख्याक म्हणून नोंद हवी. मुलीने ती केली होती; वडिलांनी पसंतीक्रमात फक्त तीन नावाजलेली महाविद्यालये भरली होती, एवढेच! राहिली एजंटाची गोष्ट. कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने मनाई आहे आणि अशा पैशाची पावती कुणी देत नाही.

पुढच्या फेरीला सतरा नावे भरली. पनवेलकडे आयटीला जागा लागली. वसतिगृहाचा खर्च कसा काढायचा, यावर घरात अजून बोलणे चालू आहे.