ढकलपास गेलं, आलं काय?

लेखमाला ‘शाळेची वाट’ : भाग ६

पाचवीचा गणिताचा पेपर ५० गुणांचा. पास व्हायला ३५ टक्के लागतात, म्हणजे साडेसतरा. अर्ध्या गुणाचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून अठरा. एखाद्या पोरीला गणितात पंधरा पडले आणि इंग्रजीत चौदा. तीन आणि चार मिळून सात गुण कमी पडले. सवलतीचे गुण सगळे मिळून दहापर्यंत देता येतात, त्यामुळे ती सुटली आणि सहावीत गेली. तिच्या मागच्या बाकावरच्या पोराला मात्र गणितात सहाच पडले. तो जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसणार आणि तिथंही अडकला तर वर्षभर परत पाचवीतच. आठवीला पेपर ६० गुणांचा आणि पास व्हायला २१ हवेत, बाकी रीत तीच. राज्य सरकारच्या ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात हे सुरू झालं. एप्रिल २०२४ मध्ये पाचवी आणि आठवीच्या मुलांनी या नियमाखालची पहिली वार्षिक परीक्षा दिली.

गेल्या भागात आपण ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामी वसतिगृहं पाहिली. ती मुलं आणि हा नियम हिंगोली जिल्ह्यात एकमेकांना कुठं आडवे येतात, ते या भागात पाहायचं आहे. त्याआधी थोडा मागचा हिशेब.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नं सांगितलं की, आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही. गावोगाव त्याचा अर्थ असा लावला गेला की, परीक्षाच गेल्या. प्रत्यक्षात बंदी होती ती प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत बोर्डाची परीक्षा घेण्यावर. मूल्यमापन तर उलट वाढवलं होतं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग केले. मूल कुठं अडतं ते वर्षभर पाहत राहायचं आणि तिथल्या तिथं हात द्यायचा, अशी कल्पना होती. कल्पना चांगलीच होती. पण एका गुरुजींकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते आणि मतदार याद्या. मग ‘वर्णनात्मक नोंदीं’च्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि पुढं मोबाइलवरून त्यांच्या फाइली फिरू लागल्या. ‘परिपाठात उत्साहाने सहभागी होतो’, ‘अक्षर वळणदार काढतो’, ‘स्वच्छतेचे महत्त्व सांगतो’. अशा नोंदींनी भरलेलं प्रगतिपुस्तक हातात घेतलं तर सगळा वर्गच गुणी वाटतो. त्यातल्या कुणाला जोडाक्षर वाचता येत नाही, ते त्या पानावर कुठंच सापडत नाही.

लोकांचा राग निघाला तो ‘ढकलपास’ या शब्दावर. वाचता येत नाही तरी पोरगं आठवीत, मग अभ्यास करायचा कशाला, असा पालकांचा सवाल. आणि नववीत आलेल्या पोरांना आम्ही कुठून सुरुवात करायची, असं हायस्कूलचे सर विचारत. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पण त्यातून सर्रास जो निष्कर्ष निघाला, की पूर्वी नापास करत होते तेव्हा मुलं शिकत होती, तो तपासून घ्यायला हवा.

‘असर’ची ग्रामीण पाहणी घ्या. पाचवीच्या किती मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो, हे ती पाहते. देशभराचा आकडा २०१० मध्ये ५३.७ टक्के होता, २०१८ मध्ये ५०.५ आणि २०२४ मध्ये ४८.८. घसरण आहे, नाही असं नाही. तरी पहिला आकडा नीट पाहा. तो कायदा नुकताच आलेल्या वर्षाचा आहे, म्हणजे त्या मुलांची आधीची सगळी वर्षं जुन्या रिवाजात गेलेली. तेव्हाही जवळपास निम्मी पाचवी दुसरीच्या उताऱ्यापाशी थांबलेलीच होती.

त्याहून मागं जायचं तर १९२९ च्या हार्टोग समितीचा अहवाल आहे. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत अठराच दिसली. बाकीची गळाली किंवा त्याच वर्गात साचून राहिली. साचणं आणि गळणं यांची गाठ आहे, हे तेव्हापासून माहीत होतं. एकाच वर्गात दोनदा बसलेलं पोर तिसऱ्यांदा बसत नाही, ते शेळ्या राखायला जातं. आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक याच प्रश्नामागं हयातभर लागले होते. ते ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं पहिली-दुसरी हा सलग एकच टप्पा मानावा असं सुचवलं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातही प्राथमिक स्तरावर नापास न करण्याची भूमिका आली. म्हणजे २०१० चं कलम आकाशातून पडलेलं नव्हतं.

ते बदललं २०१९ मध्ये. जानेवारीत संसदेनं दुरुस्ती केली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घ्यायची का, नापासांना मागं ठेवायचं का, हे राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्रानं मे २०२३ मध्ये नियम बदलले. केंद्रानं आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तीच वाट धरली. त्यामुळे वसमतच्या जवाहर नवोदय विद्यालयातल्या आठवीच्या मुलांना आता केंद्राचा नियम आहे आणि गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला राज्याचा. सार दोन्हींचं एकच : परीक्षा, जादा मार्गदर्शन, फेरपरीक्षा, मग मुक्काम.

आता हिंगोली. परभणीतून १ मे १९९९ ला वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांत वाड्या-तांड्यांवरच्या शाळा चौथीपर्यंत, मोठ्या गावची सातवीपर्यंत, आठवीला हायस्कूल. महाराष्ट्रातली जुनी घडीच तशी आहे : चौथीला एक टप्पा संपतो, सातवीला दुसरा. कायद्याची घडी वेगळी, तिच्यात पाचवी आणि आठवीला टप्पा संपतो. शाळांना पाचवी-आठवी जोडण्याचे आदेश निघाले, काही ठिकाणी वर्ग जोडलेही गेले. पण खोली नाही, शिक्षक नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी जुनीच घडी राहिली.

याचा परिणाम काय होतो? तांड्यावरचं पोर चौथी करून दुसऱ्या गावच्या शाळेत जातं. घरात गोरमाटी बोलणारं, एका खोलीत एका बाईंपाशी चार वर्षं काढलेलं. नवी शाळा, नवे शिक्षक, दोन-तीन किलोमीटरची पायपीट, आणि त्याच पहिल्या वर्षाअखेर नापास होण्याची परीक्षा. आठवीला पुन्हा तोच प्रकार. हायस्कूलमध्ये पाऊल टाकलं की वर्षाच्या शेवटी दुसरी परीक्षा. शाळा बदलण्याचं वर्ष मुलाच्या दृष्टीनं सगळ्यात नाजूक, आणि नियम नेमका तिथंच बसलेला आहे. त्यात नव्या शाळेला म्हणायला मोकळीक, ‘खालूनच कच्चं आलंय.’ आणि खालच्या शाळेकडून ते पोर तर केव्हाच गेलेलं. मला या सगळ्या धोरणातली ही सगळ्यात मोठी खोट वाटते, आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. काही वीटभट्ट्यांवर जातात. परतीला मार्च-एप्रिल उजाडतो. पोर आजी-आजोबांपाशी राहिलं किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं तर शाळा टिकते. बरोबर गेलं तर शिक्षण हमी पत्रक घेऊन तिकडच्या शाळेत बसायचं, अशी सोय कागदावर आहे. फडावरच्या कोपीपासून ती शाळा किती लांब, धाकट्या भावंडाला सांभाळायचं कुणी, हे त्या पत्रकात कुठं लिहिलेलं असणार? परत येतं तेव्हा दुसरं सत्र उरकलेलं असतं आणि वार्षिक परीक्षा दारात. गणितात सहा गुण पडले, ते कशाचे? अपूर्णांक शिकवला त्या महिन्यात हे पोर वर्गात नव्हतं, एवढंच ते सहा गुण सांगतात.

नियम म्हणतो की, अशा मुलाला जादा मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षा घ्या. कधी? निकाल मेच्या तोंडावर, फेरपरीक्षा जूनमध्ये. मधे उन्हाळा. हिंगोलीतला मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्या दिवसांत पत्र्याच्या खोलीत भरलेला जादा तास डोळ्यांपुढं आणावा. शिक्षकही सुटीवर असतात आणि आई-बाप हळदीच्या किंवा बांधकामाच्या कामावर. सहा महिन्यांची तूट या चार-पाच आठवड्यांत भरून निघेल, असं नियम धरून चालतो.

आणि वयानुरूप प्रवेशाची गोष्ट. मूळ कायद्यात शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि खास प्रशिक्षण देऊन बरोबरीला आणायचं होतं. नव्या नियमानं यात मेख मारली. सहावी ते आठवीत बसायचं तर आधी पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते, नाही तर पाचवीत बसा. बारा-तेरा वर्षांचं, भट्टीवर दोन वर्षं गेलेलं पोर दहा वर्षांच्यांत बसेल का? पहिले चार दिवस बसेल.

मग आठवी. पाचवीत राहिलेलं मूल बहुधा शाळेतच राहतं, कारण दहा वर्षांच्या मुलाला दुसरीकडं जायला जागा नसते. आठवीत चौदा वर्षांच्या मुलाला असते. शिकागो शहरानं १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीला अशीच अडवणूक सुरू केली होती. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थतज्ज्ञांनी त्या मुलांचा पुढचा प्रवास तपासला. सहावीत थांबवल्याचा गळतीवर फारसा परिणाम दिसला नाही. आठवीत थांबवलेल्यांची गळती मात्र वाढली. शिकागो कुठं, सेनगाव कुठं, हे खरं. पण इथं तर चौदा हेच कायद्यातलं सक्तीच्या शिक्षणाचं शेवटचं वय, आणि बालकामगार कायद्यानंही चौदानंतर बरीचशी कामं मोकळी. मुलींचं तर बोलायलाच नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत हिंगोलीतल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशा जिल्ह्यात ‘पोरगी आठवी नापास’ या निरोपाचा घरात काय अर्थ घेतला जातो, ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

हिंगोलीत ‘कच्चं’ या निकालाची एक फार जुनी गोष्ट सांगतात. नरसीचे नामदेव याच जिल्ह्यातले. तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. नामदेव चिडून पंढरीला गेले. विठ्ठलानं निकाल काही फिरवला नाही, पण त्यांना पुन्हा त्याच रांगेतही बसवलं नाही. औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. थाप मारणं गरजेचंच होतं, कुठं कच्चं आहे ते कळलंच पाहिजे. पण आमच्या शासन निर्णयात गोरोबांवर पानंच्या पानं आहेत, विसोबांवर दोन ओळी.

तेव्हा परीक्षा नको असं माझं म्हणणं नाही. परीक्षा पाचवीच्या शेवटी घेण्यात उशीर होतो. वाचन अडतं ते दुसरी-तिसरीत, आणि तेव्हा दुरुस्त करायला महिना-दोन महिने पुरतात. तिसरीच्या दिवाळीआधी प्रत्येक पोराला एक उतारा वाचायला लावा, जे अडेल त्याच्यासाठी शाळेत जादा माणूस द्या. नापास कुणालाच करावं लागणार नाही असा माझा दावा नाही. मात्र जे पोर पुन्हा पाचवीत बसेल, त्याला दुसऱ्या वर्षी काय वेगळं मिळणार, हे लिहून दिल्याशिवाय त्याला बसवू नये. आज त्याला तेच पुस्तक मिळतं आणि तोच बाक.

एक मात्र गंमत आहे. प्रत्यक्षात नापास फार कुणी होत नाही. पेपर शाळेनंच काढायचा, शाळेनंच तपासायचा. एक पोर मागं ठेवलं की पालक दारात, केंद्रप्रमुखाचा फोन, वर जादा मार्गदर्शनाचे कागद. पंधरा गुणांचे अठरा करणं सगळ्यांच्याच सोयीचं. त्यातून पोर शाळा सोडून गेलं तर पटावरचा एक आकडा कमी, आणि पट कमी झाला की शिक्षकाचं पद धोक्यात. त्यामुळे ढकलपास गेलं असं म्हणतात खरं, पण आधी कायदा ढकलत होता, आता पेनानं ढकलतात. कायद्याचं ढकलणं निदान उघड होतं. आता प्रगतिपुस्तकावर खरोखरचे गुण दिसतात आणि ते खोटे असतात. पालकांनी म्हणून एक करावं. निकाल हातात आला की पोराला पुढच्या वर्गाचं नाही, मागच्या वर्गाचं पुस्तक उघडून एक पान मोठ्यानं वाचायला लावावं आणि ते अडलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्या पानासकट जावं. या समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे बऱ्याच पालकांच्या गावीही नसतं.

पटावरून पदं ठरवणारी ही संचमान्यता नेमकी कशी चालते, आणि वीस पटाच्या शाळेचं तिच्यात काय होतं, ते पुढच्या भागात.