आसूड वाजला की मासा गेला

"सायेब, पाण्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

हरिपूरच्या संगमावर, वारणा कृष्णेला मिळते त्या जागी, मी अर्धा तास पाण्यावर नुसते फटके मारत होतो. विचारणारे आजोबा घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. हातात बांबूची काठी, तिच्या शेंड्याला बांधलेला नायलॉनचा दोरा, दोऱ्याला गळ आणि गळाला कणकेचा गोळा. शेजारच्या बादलीत आठ-दहा चिलाप्या. माझ्या हातात होता पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेला नऊ फुटी फ्लाय रॉड. माझी बादली मोकळी होती, म्हणजे मी बादली आणलीच नव्हती.

आजोबांचा प्रश्न वाजवी होता. फ्लाय फिशिंग लांबून पाहिलं तर माणूस पाण्यावर राग काढतोय असंच वाटतं. गोऱ्या साहेबानं थंड ओढ्यात उभं राहून ट्राउट आणि सामन पकडायची ही विद्या. सांगलीत बसून ती शिकायला निघालेला माणूस थोडा येडा म्हणायला हरकत नाही. पण या येडेपणात एक साधं पदार्थविज्ञान आहे, आणि ते आपल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याला आसूड माहीत आहे.

नेहमीच्या गळात वजन पुढं असतं. आमिष आणि शिशाचा तुकडा पुढं जातो आणि हलका दोरा त्याच्यामागं ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. 'फ्लाय' म्हणजे गळाभोवती पिसं आणि धागे गुंडाळून केलेला खोटा किडा. तो फुंकरीनं उडेल इतका हलका, त्याला फेकणार कसं? म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात, आणि फेकायची ती ही दोरी. किडा नुसता तिच्या शेपटीला बसून प्रवास करतो. दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा नऊएक फुटांचा बारीक नायलॉन असतो. त्याला लीडर म्हणतात. जाड दोरी माशाला दिसू नये आणि किडा पाण्यावर अलगद उतरावा, हे त्याचं काम.

फेक दोन भागांत होते. आधी काठी मागं न्यायची, दोरी डोक्यावरून मागं जाते. मग थांबायचं. दोरी मागं पूर्ण सरळ झाली की तिचं वजन काठीला वाकवतं, आणि त्या वाकलेल्या काठीला पुढं आणलं की दोरी वेटोळं उलगडत पुढं जाते. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. नवशिक्या थांबत नाही. दोरी अजून मागं उलगडतेय आणि हा पुढं झटका देतो. मग मागून आवाज येतो, फट्!

तोच आसुडाचा आवाज. शर्यतीत किंवा पोळ्या-बेंदरात आसूड ओढणाऱ्याला हा आवाज हवाच असतो. आसुडाचं टोक त्या क्षणी आवाजाच्या वेगाहून जोरात जातं, त्याचाच तो कडाका. फ्लायवाल्यानं मात्र तो आवाज ऐकला की समजावं, किडा तुटून मागं बाभळीत गेला. पहिल्या महिन्यात माझे अकरा किडे असे गेले. घरच्यांनी हिशोब ठेवला होता, मी नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस पाण्याकडं फिरकूच नये. मोकळं मैदान गाठावं, गळाच्या जागी लाल लोकरीचा झुबका बांधावा आणि वीस-पंचवीस फुटांवर ठेवलेल्या ताटात तो पडतो का बघावं. पन्नास फूट फेकायचा सोस नको. मासा बहुतेक वेळा आपण समजतो त्याहून काठाला जवळ असतो. लाल लोकर मी उगाच म्हणत नाही. इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास इलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, वर कोंबड्याची दोन पिसं लावून ठिपक्यांचे मासे पकडतात, असं लिहून ठेवलंय. फ्लायची एवढी जुनी दुसरी नोंद सहसा सांगितली जात नाही.

ते ठिपक्यांचे मासे म्हणजे बहुधा ट्राउट. आता मूळ अडचणीकडं येऊ. ट्राउट आपल्याकडं नाही, आणि होणारही नाही. त्याला थंड पाणी लागतं. वीस अंशांच्या वर पाणी गेलं की तो कासावीस होतो. कारण प्राणवायू. दहा अंशांच्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो. चैत्र-वैशाखातल्या सांगलीच्या कृष्णेत ट्राउट सोडणं म्हणजे त्याला तव्यावरच सोडणं. महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते तिथंही उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. नीलगिरीत ट्राउट जगला तो दोन हजार मीटरच्या वर.

भारतातला ट्राउट मुळात पाहुणाच. साहेबाला घरची आठवण यायची, म्हणून त्यानं अंडी बर्फात घालून बोटीनं आणली. माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये नीलगिरीसाठी प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरला आलेली पहिली खेप वाटेतच मेली आणि १९०० मध्ये आलेल्या दुसऱ्या खेपेतून तिथला ट्राउट रुजला. १९०९ मध्ये तो कुलूत पोचला. आज सांगलीकराला ट्राउटच हवा असेल तर हिमाचलची तीर्थन नदी गाठावी, मत्स्य खात्याचा परवाना काढावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने टाळावेत. तेव्हा मासा अंडी घालतो आणि मासेमारी बंद असते.

सामन तर भारताच्या कुठल्याच नदीत चढत नाही. हॉटेलच्या मेन्यूवर 'इंडियन सामन' दिसतो तो आपला रावस, समुद्रातला, सामनच्या नात्यागोत्यातला नव्हे. खरा सामन समुद्रातून नदीत आला की खाणंच सोडतो, तरी किड्यावर झडप घालतो. का, यावर साहेब लोक शे-दीडशे वर्षं भांडतायत. भांडू द्या.

मग आपल्याकडं काय? आपल्याकडं महसीर होता. 'होता' लिहिताना हात अडखळतो, पण सांगलीच्या पात्रात मला आजवर एकही मिळालेला नाही. कर्नल साइक्स नावाचा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता, आणि जाता जाता मासेही गोळा करत होता. त्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्याचं एक फार आवडतं मला. त्यानं माशांना शास्त्रीय नावं देताना काठावरच्या माणसांना विचारलं, याला काय म्हणता? आणि तेच नाव लॅटिनच्या शेपटीला बांधलं. म्हणून दख्खनचा महसीर जगभर 'टॉर खुद्री' आहे. तळाशी दगडाला चिकटून राहणारा मळ्या 'गारा मुल्या' आहे. नाकावर दुसरं नाक उगवल्यासारखा दिसणारा विचित्र मासा आजही 'नुकटा' या नावानं ओळखला जातो. कुणी भोई किंवा कोळी तेव्हा नदीकाठी जे बोलला ते आज लंडनच्या संग्रहालयातल्या बाटलीवर आहे. त्या माणसाचं नाव मात्र कुणी लिहिलं नाही.

महसीर फ्लायवर येतो, आणि आला की रिळावरची दोरी आक्रोश करत सुटते. तो मांस खातो तसा फळंही खातो. काठच्या उंबराची, जांभळाची फळं पाण्यात पडतात तिथं तो टपून असतो. म्हणून महसीरासाठी फळासारखा दिसणारा 'किडा'ही बांधतात. पावसाळ्यात तो वरच्या अंगाला, वाहत्या खडकाळ पाण्यात अंडी घालायला चढतो. इथं त्याचं आपल्याशी वैर सुरू होतं. धरणं आहेतच, पण दर काही मैलांवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, आणि पावसाळ्यानंतर त्याच्या फळ्या बसल्या की माशाला त्या काढता येत नाहीत. सुरुंग लावून, विष कालवून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानंच बंदी केली. तरी कुठल्या डोहात काय झालं हे गावाला माहीत असतं. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो सांगलीकरांनी पाहिलाय.

महसीर कसा जगतो हे बघायचं तर गळ घरी ठेवून महाडजवळच्या वाळणकोंडीला जावं. काळ नदीच्या डोहात, वरदायिनीच्या छायेखाली, हे मासे पिढ्यान् पिढ्या निर्धास्त आहेत. लोक लाह्या टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. देवीचा मासा कुणी मारत नाही. मत्स्य खात्याला जे जमत नाही ते देवी करते, असं म्हटलं की काही लोकांना राग येतो.

दुसरा प्रयत्न शास्त्राचा. टाटांनी लोणावळ्याजवळ वळवणला महसीरची अंडी उबवून पिलं वाढवली आणि ती देशभर वाटली. हेतू चांगलाच. पण त्यातली काही कावेरीत गेली. तिथं आधीच एक दुसरा, नारिंगी पंखांचा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. पाहुणा फोफावला, घरचा मागं पडला. त्या कुबड्या महसीरची नीट शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीरही झाला. ट्राउट आणणारा साहेब आणि महसीर वाटणारे आपण, दोघांच्याही पिशवीत पाहुणाच होता.

म्हणून नवशिक्याला माझं सांगणं, चिलापीवर शिका. ती आफ्रिकेची. १९५२ मध्ये भारतात आणली, आणि आता आपल्या तळ्यात, नदीत, विहिरीत सगळीकडं आहे. ती मारल्याचं पाप लागत नाही, खायला बरी लागते, आणि फ्लायवर धरायला भलती अवघड आहे. शेवाळ खाणारं जनावर, त्याला किड्याचं काय?

उत्तर मला पलूसकडच्या एका तळ्यावर सापडलं. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी नितळ झालेलं. काठापासून दहा फुटांवर तळाशी ताटाएवढे गोल खड्डे, जणू कुणी परात दाबून उचलली. प्रत्येक खड्ड्यावर एक काळपट नर चिलापी घिरट्या घालतेय. हे त्या नराचं घर. मादी येऊन अंडी घालते आणि तोंडात घेऊन जाते, नर घर राखत बसतो. मी मोरपिसाचे तंतू गुंडाळलेला छोटा किडा त्या खड्ड्याच्या पलीकडं टाकला आणि हळूहळू आत ओढला. नर आला, थांबला, तिरका झाला. मग त्यानं किडा ओठात धरला, आपल्या अंगणातला केर उचलावा तसा, बाहेर टाकायला. तो गिळत नसतो. तोंडात असतो तो एक क्षण, तेवढ्यात दोरी ताणायची. मी ताणली. पाव किलोचा मासा, पण त्या हलक्या काठीवर रेड्याएवढा वाटला.

सामानाबद्दल फार बोलत नाही. पाच नंबरचा नऊ फुटी रॉड, तरंगणारी दोरी, साधं रीळ, झालं. महसीरच्या मागं जाणाराला आठ नंबर लागेल. किडे स्वतः बांधावेत. कोंबड्याच्या मानेची पिसं खाटकाकडं फुकट मिळतात, आणि ज्या मोरपिसाच्या तंतूंनी युरोप-अमेरिकेत शेकडो जातीचे किडे बांधले जातात तो मोर आपल्याच रानात ओरडतो.

दोन गोष्टी मात्र पुस्तकांत नसतात. तलाव आणि धरणांचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतं. आधी संस्थेत जाऊन विचारावं, चहा प्यावा, पावती फाडावी. कोयनेच्या शिवसागरावर तर काठ अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. तिथं परस्पर गळ टाकणं गुन्हा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट मगर. इंग्रजी पुस्तकं सांगतात, रबरी पँट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, मासा बुजत नाही. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात हे करू नका. कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत, आणि थंडीत त्या वाळूवर ऊन खात पडलेल्या लांबून ओंडक्यासारख्या दिसतात. पाण्यात पाय घालायचा नाही, काठाशी वाकून मासा धुवायचा नाही. घाटाची पायरी बरी.

त्या दिवशी हरिपूरला मी आजोबांना माझा किडा दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उन्हात धरला, उलटा केला. जपानात तेनकारा म्हणून एक पद्धत आहे. रीळ नाही, लांब काठी, शेंड्याला दोरा, दोऱ्याला किडा. मी त्यांना म्हणालो, आजोबा, तुमची काठी तर तीच आहे, लावून बघा.

"आन् गोळा?"

"गोळा नाही. नुसता किडा."

त्यांनी लावला. दहा मिनिटं अगदी मन लावून पाण्यावर नाचवला. माझ्यापेक्षा हलका पडत होता, हे मला बघवत नव्हतं. मासा काही आला नाही. मग त्यांनी दोरा दातानं तोडला, किडा टोपीच्या कडेला खोचला, कनवटीची कणीक काढून गोळा केला आणि पुन्हा गळाला लावला.

पंधरा मिनिटांत बादलीत आणखी दोन पडल्या.

"ह्यो राहू दे माझ्याकडं," टोपीला हात लावून ते म्हणाले, "नातवाला दाखवतो."