धुऱ्याचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेत हाती आलं, की पहिला जेसीबी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चालतो. बोर, बाभूळ, पळस उपटले की पेरायला दोन तासं जास्त मिळतात. मी मात्र माझा धुरा राखलाय. हौसेनं नव्हे, हिशेबानं.

पहिला हिशेब पावसाचा. खंड आधीही पडायचा. आता तो लांबतो आणि मधेच एका रात्रीत पाऊस माती वाहून नेतो. २०२३चा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन तेव्हाच फुलात आणि शेंगेत असतं. शंभरेक दिवसांचं पीक, फुला-शेंगांचे दिवस कोरडे गेले की दाणा भरत नाही. सोयाबीनच्या तासांमधली तूर तेव्हा नुसती वाढत असते. मूळ खोल, फुलोरा दिवाळीच्या आसपास. मागून पाऊस आला तर ती सावरते. एकाची नाजूक वेळ दुसऱ्याची नसते, म्हणून शेतात पिकं मिसळायची; धुऱ्यावरची झाडंही याच मिसळीतली.

दुसरा हिशेब किडीचा. तूर फुलली आणि आभाळ भरून राहिलं, की शेंगा पोखरणारी अळी वाढते. बाभळीवरचा कोतवाल तिथूनच झेप घेऊन अळ्या-किडे टिपतो. शेताच्या मधोमध त्याला बसायला मी तुरीत ज्वारीची थोडी ताटं ठेवतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कडेला चवळी लावतो. तिच्यावर मावा आला, की तो खायला ढालकिडे येतात, वाढतात आणि पुढे पऱ्हाटीवरही जातात. मावा दिसताच फवारलं, तर मावा खाणारेही मरतात. मावा लवकर परततो, ढालकिडे नाहीत.

धुरा फुकट मात्र पडत नाही. झाडाखालचं पीक खुरटतं. झुडूप दाट झालं, की रानडुकरं दडतात आणि रात्री शेत नासवतात. म्हणून खालचं गचपण काढायचं, मोठी झाडं ठेवायची आणि तणनाशकाचा पंप धुऱ्यावर वळवायचा नाही.

शिवाय धुरा दोघांचा. माझ्या बाभळीची सावली शेजाऱ्याच्या सोयाबीनवर पडते, त्याची कुरकूर रास्तच आहे. म्हणून उन्हाळ्यात आम्ही दोघं मिळून फांद्या छाटतो आणि सरपण निम्मं-निम्मं वाटून घेतो. एवढ्यावर बाभूळ टिकली आहे.