वाळवंटातील धाव

मराठीत ‘वाळवंट’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले, की वारकऱ्यांनी फुलून गेलेला नदीकाठ डोळ्यांपुढे उभा राहतो. सहाराचे वाळवंट म्हटले, की जेथे कोसच्या कोस पाण्याचा थेंब दिसत नाही अशी निर्जल भूमी मनात येते. पहिल्या वाळवंटाकडे महाराष्ट्रातील माणसे शतकानुशतके पायी चालत आली आहेत. दुसऱ्या वाळवंटात पायी, आणि तेही धावत जाण्याची हौस मात्र माणसाला अलीकडची आहे.

१९८४ साली पॅट्रिक बाउर नावाच्या एका फ्रेंच तरुणाने पाठीवर अन्नपाणी घेऊन सहारातील सुमारे ३५० किलोमीटरची वाट एकट्याने बारा दिवसांत तुडवली. त्या अनुभवातून १९८६ साली मोरोक्को देशात एक शर्यत सुरू झाली. तिची लांबी सुमारे २५० किलोमीटर असते. म्हणजे आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेएवढीच. पालखी हे अंतर अडीच आठवड्यांहून अधिक काळात, गावोगावच्या पाहुणचारात काटते. वाळवंटातील धावपटू ते साधारण आठवडाभरात तोडतो, आणि त्याचे अन्न व अंथरूण त्याच्याच पाठीवर असते.

दूरवर धावण्याची हौस पुण्याला नवी नाही. शनिवार पेठेतून थोडे चालून लकडी पूल ओलांडला, की डेक्कन जिमखाना लागतो. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या क्रीडासंमेलनात १९१९ साली सर दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहिली. त्यांचा वेग व दम पाहून दोराबजी चकित झाले, आणि पुढच्याच वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी हिंदी खेळाडूंचे पथक रवाना झाले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी ४२ किलोमीटर ७५० मीटरांची मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. धावणे हा त्यांच्या उपजीविकेचा धंदा नव्हता. ती निखळ हौस होती.

आता अशी कल्पना करू, की शनिवार पेठेत राहणाऱ्या आजच्या एखाद्या हौशी धावपटूने एप्रिल महिन्यात भरणाऱ्या मोरोक्कोतील शर्यतीत उतरण्याचे ठरवले आहे. त्याला वर्षभर कोणती तयारी करावी लागेल? पुण्याचे ऋतू या कामी त्याला कसे उपयोगी पडतील?

त्याच्या वर्षाचा आरंभ पावसाळ्यात होतो. पहाटे ओंकारेश्वराच्या बाजूने नदीकाठी धावणे हा झाला नित्याचा पाठ. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याने सिंहगड गाठावा. पायथ्यापासून सुमारे ६०० मीटरांची ती चढण चिखलातून चढताना पाय घसरतो, घोट्याला ताण बसतो आणि तोल सांभाळण्याची सवय लागते. वाळूत नेमकी हीच सवय हवी असते. पक्क्या रस्त्यावर पाऊल टाकले, की जमीन त्याला उलट रेटा देते. वाळूत पाऊल रुतते आणि लावलेल्या शक्तीचा मोठा भाग वाळू सरकवण्यातच खर्च होतो. कठीण जमिनीवर धावण्यास जेवढी शक्ती लागते, तिच्या सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती मऊ वाळूत लागते, असे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे.

हिवाळा हा रंगीत तालमीचा काळ होय. आपल्या देशातही थरच्या वाळवंटात जैसलमेर व लोंगेवाला यांच्या दरम्यान शंभर मैलांपर्यंतच्या शर्यती झालेल्या आहेत. तेथे दिवसा ऊन सुखद असते; परंतु सूर्य मावळताच थंडी अंगात शिरते. कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवणारी वाफ अत्यल्प असते. त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू रात्री झपाट्याने निवते. म्हणून वाळवंटात जाणाऱ्याने उन्हाबरोबर थंडीचीही तयारी ठेवावी लागते. बुटांत वाळू शिरून तळव्यांना फोड येतात. म्हणून बुटांवर कापडी वेष्टन चढवणे, पाठीवरील ओझे अंगाला घट्ट बसवणे, अशा बारीकसारीक गोष्टी येथेच शिकाव्या लागतात. मोरोक्कोच्या शर्यतीत आरंभी पाठीवर निदान साडेसहा किलो ओझे असावेच लागते.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. साठ किलो वजनाचा माणूस तासाभरात दहा किलोमीटर धावला, तर त्याच्या शरीरात सुमारे ६०० किलोकॅलरी शक्ती खर्च होते. तिचा एक-चतुर्थांश भागच हालचालीच्या कामी येतो; उरलेल्या सुमारे ४५० किलोकॅलरींची उष्णता होते. ही उष्णता अंगातच कोंडून राहिली, तर तासाभरात शरीराचे तापमान नऊ अंशांनी वाढेल! शरीराचे नेहमीचे तापमान ३७ अंश असते, आणि ते ४० अंशांच्या वर गेले, की उष्माघाताचे भय उभे राहते. मग धावणारा माणूस वाचतो कसा?

याचे उत्तर प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात आहे. उन्हाळ्यात माठातील पाणी गार का होते? माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर आतील पाण्याची उष्णता निघून जाते. मानवी शरीर हाही एक पाझरणारा माठच आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणजे आपल्या धावपटूला तासाभरात पाऊण लिटरहून थोड्या अधिक घामाची वाफ करता आली, की त्याचे काम भागते. ज्याप्रमाणे मुंबईच्या दमट हवेत माठ नीट गार होत नाही आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम गार होतो, त्याचप्रमाणे कोरड्या हवेत घामही त्वरित उडून जातो.

परंतु वाळवंटाचा धोका येथेच दडलेला आहे. तेथे घाम इतक्या वेगाने सुकतो, की कातडी कोरडीच राहते आणि आपल्या अंगातून किती पाणी गेले याचा धावणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तहान लागेपर्यंत थांबणारा मागे पडतो. उलट, नुसते पाणीच भरमसाट पिणाराही संकटात सापडतो. कारण घामाबरोबर मीठही जाते, आणि रक्तातील मिठाचे प्रमाण फार घटले तर भोवळ येते, प्रसंगी प्राणावरही बेतते. मीठ-साखर घातलेले कैरीचे पन्हे उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती देणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे रहस्य अनुभवाने ठाऊक होते.

उन्हाची सवय शरीराला लावता येते. दहा ते चौदा दिवस रोज थोडा वेळ उष्ण हवेत श्रम केले, म्हणजे घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते, रक्तातील पाण्याचा अंश वाढतो आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मात्र ही सवय टिकाऊ नसते. उन्हाशी संबंध तुटला, की काही आठवड्यांतच ती ओसरते. म्हणून मागील वैशाखातील सराव पुढील वर्षी कामी येत नाही. पुण्याचा मार्च महिना तापतो आणि मोरोक्कोची शर्यत एप्रिलात येते, हा शनिवार पेठेतील धावपटूच्या पथ्यावर पडणारा योग होय. हा सराव मोठ्या माणसांनी जाणत्यांच्या देखरेखीखाली करावयाचा असतो. मुलांनी भर दुपारी एकट्याने असे साहस करणे हा शुद्ध अविचार ठरेल.

शरीर तयार झाले, तरी एक तयारी उरतेच. १९९४ साली मोरोक्कोच्या शर्यतीत माउरो प्रॉस्पेरी नावाचा इटालियन पोलीस धावत होता. वाटेत वाळूचे भयंकर वादळ उठले. अशा वेळी आहे तेथेच थांबावे, असा नियम होता. परंतु हाती आलेला क्रमांक जाईल या चिंतेने तो धावतच राहिला. वादळ शमले तेव्हा वाटेच्या खुणा नाहीशा झाल्या होत्या. पुढे काही दिवस तो सकाळ-संध्याकाळ चालत राहिला आणि दुपारी सावलीत पडून राहिला; एका ओसाड दर्ग्यातील वटवाघळे खाऊन त्याने जीव जगवला. तो सापडला तेव्हा शर्यतीच्या मार्गापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर, अल्जीरिया देशात होता, आणि त्याचे वजन १५ किलोहून अधिक घटले होते.

त्याच्या पायांत बळ होते, छातीत दम होता आणि मनात धैर्यही होते. उणीव होती ती वेळीच थांबण्याच्या विवेकाची. सुदैवाने तो वाचला, आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा त्याच शर्यतीत उतरला.

म्हणून वर्षभराच्या तयारीतील अखेरचा पाठ हा, की धावणे जसे शिकावे, तसे थांबणेही शिकावे. वाळवंट कोणाच्याही पराक्रमाची पर्वा करीत नाही. जो त्याचे नियम जाणून घेतो, पाण्याचा घोट मोजून घेतो, वादळात खाली बसतो आणि वारा पडल्यावर पुन्हा उठून चालू लागतो, त्यालाच ते पलीकडे जाऊ देते. असा धावपटू पहिला येवो वा शेवटचा. शनिवार पेठेतील आपल्या घरी परतून माठातील गार पाणी प्याला, की त्या एका पेल्याचे मोल त्याच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार?