वाळकं पान

पहाटे ५.१५. केरळातल्या थट्टेकाडच्या होमस्टेत काळा चहा येतो, तेव्हा पुण्याहून आणलेल्या माझ्या नऊ जणांपैकी सातच उठलेले असतात. उरलेली दोन दारं वाजवायची, हे टूर लीडरचं पहिलं काम. पक्षी नंतर.

६.४५. आमचे स्थानिक गाइड, ज्यांना सगळेच 'चेट्टा' म्हणजे दादा म्हणतात, एका उघड्या खडकावर नेतात. सदाहरित जंगलात खालून वर बघत राहिलं की मान तेवढी दुखते; इथून झाडांचे शेंडे समोर येतात. डोंगरी मैनेची जोडी, राखी धनेश.

८.३०. पुट्टू आणि कडला करी. दोघांना पोहे हवे होते.

९.४५. आत शिरतो. चेट्टा बघत नाहीत, ऐकतात. हात वर झाला की सगळे जागच्या जागी. कर्णा! मल्याळममध्ये 'तीकाक्का', आगीचा कावळा. पण आग सगळी पोटावर आणि हा बसलाय आमच्याकडे पाठ करून. मागून कुजबुज, "मोबाइलवर त्याचा आवाज लावा ना जरा." नाही लावत. विणीचा हंगाम तोंडावर आलाय. रोज एक ग्रुप येऊन खोटा प्रतिस्पर्धी उभा करणार, तर त्याने हद्द राखायची किती? सहा मिनिटांनी कर्णा आपणहून वळला. काकूंच्या तोंडून नुसतं "अगंबाई!"

११.२०. बेडूकतोंड्या. कमरेएवढ्या झुडपात, हातभर अंतरावर, आणि दिसत नाही. चेट्टांनी गवताची काडी धरून दिशा दाखवली. मग एक वाळकं पान हळूहळू पक्षी झालं: पसरट चोच, तिच्याभोवती राठ केस, डोळ्यांच्या फटी. त्याला चिकटून दुसरं पान. करडा तो नर, तांबूस ती मादी. दिवसभर असेच बसतात. हलले तर सोंग संपलं. म्हणून प्रत्येकी एक मिनिट आणि फ्लॅश बंद.

दुपार. जेवण, झोप. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३३च्या सुमारास त्रावणकोरच्या पाहणीत हे रान हेरलं. १९८३ साली अभयारण्य झालं ते जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं. त्याला नाव त्यांचंच.

४.००. पेरियार नदीकाठी रमतगमत.

८.००. जेवणानंतर दिवसभरातल्या पक्ष्यांची यादी. बँकेतून निवृत्त झालेले काका बेडूकतोंड्याचा फोटो मोठा करून सगळ्यांना दाखवत होते. चेट्टांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. फोटो अगदी सुरेख आला होता. पान होतं ते.