धंदा वाढवावा की आहे तेवढाच ठेवावा?

आपल्या वस्त्यांमधून आज कितीतरी घरी छोटे धंदे चालतात. कुणी डबे करते, कुणी शिवणकाम, कुणी मसाला-पापड. धंद्यात जरा जम बसला की शेजारीपाजारी म्हणू लागतात, "आता वाढवा की! मुद्रा कर्ज मिळतं." जो वाढवत नाही तो भित्रा ठरतो. पण नुसत्या आकारावरून धंद्याचे बरेवाईट ठरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन केवळ लहान आहे म्हणून तोट्याची ठरत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. जमीन, राबणारे हात आणि भांडवल यांचे प्रमाण जुळले तर लहान तुकडाही परवडतो; प्रमाण बिघडले तर मोठाही परवडत नाही. हाच विचार आपल्या चुलीवरच्या धंद्यालाही लावून पाहावा.

समजा, एक भगिनी घरच्या घरी २० डबे करते. डब्याचे ८० रुपये येतात. शिधा व गॅस मिळून ५० रुपये जातात. डब्यामागे ३० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५,६०० रुपये उरतात.

आता डबे ४० केले. शिल्लक ३१,२०० झाली. पण एकटीचे हात पुरेनात. मदतनीस बाईचा पगार ८,०००, खोलीचे भाडे ४,०००, डबे पोहोचवणाऱ्याचे ४,०००. भांडी-शेगडीसाठी १२ टक्के व्याजाने ९० हजार कर्ज काढले, त्याचा ३६ महिने सुमारे ३,००० हप्ता. एकूण १९,००० गेले, हाती १२,२०० राहिले. काम दुप्पट आणि कमाई ३,४०० रुपयांनी कमी!

डबे ६० झाले आणि आणखी एक मदतनीस ठेवली, तर १९,८०० उरतील. म्हणजे वाढ फायद्याची आहे; पण दोन मदतनीस ठेवल्यावर पहिल्याइतके मिळवायलाच ५५ डबे लागतात. तेवढी गिऱ्हाइके आज दारात आहेत का, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट उधारीची. गिऱ्हाईक पैसे महिनाअखेर देते, किराणा मात्र आज भरावा लागतो. २० डब्यांना महिनाभर २६,००० रुपये अडकतात, ६० डब्यांना ७८,०००. हे खेळते भांडवल जवळ नसले की पावले सावकाराकडे वळतात. चालता धंदा इथेच बुडतो.

तिसरी गोष्ट वहीत कधीच चढत नाही. काम वाढले की मुलीला क्लास बुडवून पोळ्या लाटायला बसवले जाते. तिची बारावी हुकली तर ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? डबे वाढवण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे तास मोजा.

लहान राहूनही कमाई वाढते. डबा चांगला असेल आणि त्याचे ८५ रुपये घेतले, तर २० डब्यांतच महिन्याला २,६०० रुपये जास्त येतात. वाढण्याची आणखी एक वाट हात जोडण्याची आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. संस्था देशभर पोहोचली, तरी पापड लाटण्याचे काम महिलांच्या घरीच राहिले. भाड्याच्या खोल्या घेत बसण्याची गरज पडली नाही.

२०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. सोय चांगली आहे, परंतु हप्ता शेवटी आपल्यालाच भरायचा असतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरखर्च आणि धंदा यांची वही आजच वेगळी करा. स्वतःच्या कष्टांची मजुरीही तीत लिहा. तीन महिन्यांनी नवरा-बायको व मोठी मुले एकत्र बसा आणि वही उघडा. कर्ज मिळते म्हणून वाढवू नका, आणि हिशेब बसत असेल तर कुणी भीती घालते म्हणून थांबूही नका.